आतल्या मशीनचा पत्ता

१

मार्चअखेर विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर वसंतरावांच्या दिवसाचे दोन तुकडे पडले. सकाळी दहा ते एक वल्लरीच्या खोलीत टायपिंग आणि जेवणानंतर पुढच्या खोलीत कूलरसमोर झोप. जयपूरच्या प्रताप नगरमधल्या त्या हाउसिंग बोर्डाच्या घरात मे महिन्याच्या दुपारी दुसरं काही करणं शक्यही नव्हतं. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून पाणी टपकत राहायचं. मध्येच सांगानेरला उतरणारं विमान छपरावरून जायचं आणि मांडणीवरची स्टीलची भांडी थरथरायची. ते दिवाणावर, पत्नी विभाताई खाली सतरंजीवर. चारला चहा.

वल्लरी त्यांची मुलगी. दीड वर्षापूर्वी, दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात, डेंग्यूनं पाच दिवसांत गेली. वीस वर्षांची होती.

तिच्या कपाटात स्वेटरांखाली तीन वह्या सापडल्या. तिन्ही मराठीत लिहिलेल्या. वसंतराव चकितच झाले. घराणं सांगलीचं असलं, तरी पोरं जयपूरला वाढलेली, शाळेत हिंदी नि इंग्रजी. वल्लरीचं मराठी बिघडू नये म्हणून ती बारा वर्षांची असताना त्यांनी नियम केला होता : सुट्टीत रोज एक पान मराठीत लिहायचं. संध्याकाळी ऑफिसातून आले की लाल पेन घेऊन ते पान तपासायचे. पंधराव्या वर्षी तिनं पानं दाखवणं बंद केलं. लिहिणंच सोडलं असं ते धरून चालले होते. सोडलं नव्हतं. ती दार लावून लिहीत होती.

मोठा मुलगा वरुण बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत होता. वह्या त्यालाही वाचायच्या होत्या. विभाताईंची बहीण सुमन नागपूरला, तिलाही. वसंतरावांची नोकरीतली शेवटची अकरा वर्षं कॉम्प्युटर विभागात गेली होती. त्यांनी ठरवलं, आपण घरच्या घरीच साइट उभी करू. रोजच्या तारखेचं एक पान, जे लिहिता येईल, दुरुस्त करता येईल, आणि प्रत्येक बदलाची नोंद राहील. असं सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं. ते त्यांनी वल्लरीच्याच कॉम्प्युटरवर बसवलं.

मग एक विचार मनात आला आणि तो जाईना. बाहेरच्या कुणी थेट तिच्या मशीनला हात लावायचा नाही.

म्हणून पुढच्या खोलीत, फोनच्या शेजारी, त्यांनी आपला जुना कॉम्प्युटर मांडला आणि त्याच्यावर रिव्हर्स प्रॉक्सी चढवली. इंटरनेटवरून कुणी साइट उघडली, की मागणी आधी या पुढच्या मशीनकडे यायची. ते आत वल्लरीच्या मशीनला विचारायचं, पान आणायचं, बाहेर द्यायचं. बाहेरच्या माणसाला आतलं मशीन कधी दिसायचंच नाही. दोन मशीनांना जोडणारी निळी केबल बोळातून जाऊन तिच्या खोलीच्या दाराखालून आत शिरत होती.

"दिसलं, बाबा," वरुण फोनवर म्हणाला. "तिचं अक्षर नाही दिसत ना पण यात."

"मजकूर तर आहे," वसंतराव म्हणाले.

२

पहिल्या वहीचं चौदावं पान त्यांनी एका बुधवारी टाइप केलं. वल्लरीनं मूळ लिहिलं होतं, 'आज राजा पार्कला गेलो मतलब मी आणि आई. आईनी मला निळा कुरता घेतला.' त्यांनी टाइप करताना 'मतलब'चं 'म्हणजे' केलं, 'आईनी'चं 'आईने' केलं. हे ते पहिल्या पानापासून करत होते. हात आपोआपच जायचा. चार लोक वाचणार, तर नीट असावं, एवढंच.

गुरुवारी सकाळी पान उघडलं, तर 'मतलब'. आणि 'आईनी'.

राहून गेलं असेल. त्यांनी दोन्ही सुधारलं. शुक्रवारी पुन्हा 'मतलब'.

त्यांनी बदलांची नोंद उघडली. त्यांची दुरुस्ती सकाळी अकरा दहाची. त्यानंतर दुपारी दोन एक्केचाळीसला कुणीतरी ती काढून मूळ शब्द परत लिहिला होता. बाकीची पानं उघडून पाहिली. तेरा पानांत त्यांनी सुधारलेलं सगळं, एकूण एक, परत जसंच्या तसं होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकासुद्धा. सगळे बदल दुपारी अडीच ते तीनमधले, आणि बदलणाऱ्याचा पत्ता म्हणून पुढच्या खोलीतल्या मशीनचा आकडा.

त्यांनी वरुणला फोन लावला. "तू पानांत काही बदल करतोयस का?"

"मी? कशाला करू? मी तर नुसतं वाचतो."

"मग हे कोण करतंय? पत्ता आपल्याच मशीनचा दिसतोय."

"अरे, तो तर सगळ्यांचाच तसा दिसणार ना, बाबा. मतलब, आतल्या मशीनला फक्त प्रॉक्सी दिसते. मी येवो, सुमनमावशी येवो, आत एकच पत्ता जाणार."

हे वसंतरावांना माहीत असायला हवं होतं. ऐकून त्यांना हायसंही वाटलं. पण मूळ वह्या तर घरातच होत्या. 'आईनी' असं चुकीचं लिहिलेलं होतं, हे बंगळूरला किंवा नागपूरला बसून कुणाला कळणार?

घरात ते पान वाचू शकणारं दुसरं माणूस एकच होतं.

३

विभाताई स्वयंपाकघरात गवार मोडत बसल्या होत्या.

"तू माझ्या मागे कॉम्प्युटरला हात लावतेस का?" वसंतरावांनी विचारलं.

"मला तो चालू तरी करता येतो का?"

"मग मी केलेल्या दुरुस्त्या कोण काढतं? रोज सुधारतो, रोज परत तेच."

विभाताईंचे हात थांबले. "कसल्या दुरुस्त्या?"

"शुद्धलेखनाच्या. हिंदी शब्द आहेत मध्ये मध्ये, ते बदलतो."

विभाताईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"तुम्ही अजून तिला सुधारताय?"

वसंतराव म्हणाले, "लोक वाचणार, विभा."

"कोण लोक? तिचा भाऊ नि तिची मावशी?" त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "मी रोज पहाटे त्या वह्या वाचते. वाचताना तिचा आवाज येतो मला. 'मतलब' म्हणताना ती मान कशी हलवायची, ते दिसतं. तुम्ही तेच पुसताय. ती दार लावून का लिहायची, कधी विचारलंत?"

"अभ्यासाला शांतता—"

"तुमच्या पेनाला भिऊन," विभाताई म्हणाल्या, आणि उठून त्यांनी नळ सोडला. नळाखाली काहीच नव्हतं.

त्या दिवशी दुपारी दोघं कूलरसमोर पडले, पण झोप कुणालाच लागली नाही. वसंतरावांना राग आला होता. राग आपल्यावरच आहे हे कळायला त्यांना चारच्या चहापर्यंतचा वेळ लागला. बायको खोटं बोलत नव्हती, तेवढं त्यांना पक्कं कळलं होतं. मग ते चहाचा कप घेऊन मुद्दाम वल्लरीच्या खोलीत गेले. त्या दिवशीच्या नोंदीत दोन त्रेचाळीसला एक बदल होता. त्या वेळी विभाताई त्यांच्यापासून हातभर अंतरावर, छताकडे बघत पडल्या होत्या.

४

रविवारी सकाळी वरुणनं फोनवर सगळं सांगितलं आणि वसंतरावांनी केलं. प्रॉक्सीला एक ओळ शिकवली, की आत मागणी नेताना मूळ माणूस कुठून आलाय तो पत्ताही सोबत द्यायचा. आतल्या सॉफ्टवेअरला सांगितलं, की प्रॉक्सी देते तो पत्ता खरा मानायचा. वरती आणखी एक बंदोबस्त केला : बाहेरून येणाऱ्याला फक्त वाचता येईल. लिहिण्याची मागणी पुढच्या मशीनवरच अडेल, आत पोचणारच नाही.

लगेच फरक दिसला. वरुणनं पान उघडलं, की बंगळूरचा आकडा. सुमननं उघडलं, की नागपूरचा. वसंतरावांना कित्येक दिवसांनी बरं वाटलं. त्यांनी राजस्थानी पद्धतीची कढी मागून घेतली आणि दोन वाट्या खाल्ली.

सोमवारी सकाळी नोंद उघडली. रविवारी दुपारी दोन अडतीस ते दोन पंचावन्न, सात बदल.

पत्ता आता पुढच्या मशीनचा नव्हता.

"वाचा काय लिहिलंय," वरुण फोनवर म्हणाला.

"एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक."

पलीकडे ऑफिसातला गलका ऐकू येत होता. वरुण कुठेतरी बाजूला गेला असावा, कारण गलका एकदम कमी झाला. "बाबा, तो तर लोकल पत्ता आहे. मतलब या वेळी प्रॉक्सीतून कुणी आलंच नाही. त्याच मशीनवर बसून कुणीतरी केलंय."

"तिच्या खोलीत?"

"सॉफ्टवेअरमध्ये बग असू शकतो. काहीतरी आपोआप चालत असेल." मग तो म्हणाला, "बाबा, रागवू नका. तुम्हीच तर करत नाही ना? झोपेत? असं होतं लोकांना. मी ऑक्टोबरात येतो तेव्हा आपण डॉक्टरला विचारू."

हे वसंतरावांच्याही मनात येऊन गेलं होतं. चुका कुठे होत्या हे नेमकं माहीत असलेला माणूस तेच होते. त्यांनीच त्या शोधून काढल्या होत्या.

त्यांनी विभाताईंना विचारलं, "मी काल दुपारी उठलो होतो का?"

"घोरत होतात," त्या म्हणाल्या. "अडीचपासून चारपर्यंत. मी जागी होते."

५

मंगळवारी जेवण झाल्यावर वसंतरावांनी वल्लरीच्या मशीनचा कीबोर्ड काढला, माउस काढला, खोलीला कडी घालून कुलूप लावलं आणि कीबोर्ड, माउस, किल्ली तिन्ही दिवाणावर आपल्या शेजारी ठेवली. विभाताईंनी पाहिलं.

दोनला बाहेर आंधी उठली. खिडक्यांच्या काचा पिवळ्या झाल्या, दाताखाली धूळ करकरायला लागली. आणि अडीचनंतर वीज गेली. कूलरचा पंखा फिरत फिरत थांबला. ताट्यांतलं पाणी टपटपायचं राहिलं.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की इतके दिवस या वेळी कूलरच्या घरघरीत घरातलं दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.

आतून एक बारीक आवाज आला. टक.

मग काही नाही. वसंतरावांनी मनाशी म्हटलं, बॅटरी. तिच्या मशीनला वीज गेल्यावर वीसेक मिनिटं चालवणारी बॅटरी जोडलेली होती, तिच्यातली खटकी वाजली असेल.

टक. टक. पुन्हा शांत. टक.

वरच्या मजल्यावरचे शर्मा असतील. या भिंतींतून तर त्यांची शिंकसुद्धा ऐकू येते. पण शर्मा मंडळी सोमवारीच अजमेरला गेली होती, पायऱ्यांवर भेटून किल्ली देऊन गेली होती.

आवाज एका लयीत नव्हता. एक कळ, मग मधला शोध, मग दुसरी कळ. अक्षर कुठे आहे ते शोधत शोधत लिहिणाऱ्याचा तो आवाज होता. वसंतरावांनी शेजारी पाहिलं. कीबोर्ड दिवाणावर होता. त्यांनी त्यावर हात ठेवला. आतला आवाज चालूच राहिला.

विभाताई सतरंजीवर उठून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एका बाजूला मान कलती करून त्या ऐकत होत्या. रात्रभर रडून झोपलेल्या तान्ह्या बाळाचा श्वास ऐकावा तसं.

वसंतराव उठू लागले. विभाताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"उठू नका."

"बघायला तर हवं."

"नका बघू. लिहू दे तिला."

त्यांनी मनगट सोडवलं. बोळात धुळीचा पिवळा उजेड होता. दाराखाली, निळ्या केबलच्या दोन्ही बाजूंना, मॉनिटरच्या उजेडाची पट्टी जमिनीवर पडली होती. ती दोन ठिकाणी तुटलेली होती. खुर्चीचे पाय, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग आठवलं, टाइप करायला ते स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन बसायचे आणि रोज ते परत नेऊन ठेवायचे. तिची खुर्ची वरुणनं मागेच गच्चीवर टाकली होती.

आत टक. थोडं थांबून, टक.

किल्ली कुलपात फिरवताना फार आवाज झाला. त्यांनी दार ढकललं.

पडदे लावलेले होते. समोर मॉनिटर, आणि पांढऱ्या पानावर चार-पाच ओळी. त्या वाचायच्या आधीच त्यांचं लक्ष मॉनिटरच्या काचेकडे गेलं. काचेत मागचं उघडं दार उजळ चौकोनासारखं उमटलं होतं, त्यात त्यांची स्वतःची काळी आकृती. आणि त्या आकृतीच्या खाली, काचेच्या कितीतरी जवळ, एक खाली वाकलेलं डोकं. वहीवर वाकल्यासारखं. दाराचा आवाज ऐकून ते नुकतं वर होऊ लागलं होतं.

बॅटरी संपली. मॉनिटर काळा झाला.

अंधारात त्यांनी हात पुढे केला. टेबलापुढे कुणी नव्हतं. काही नव्हतं. टेबलावर त्यांच्याच हातांच्या खुणा राहिलेली धूळ होती.

६

वीज साडेचारला आली. दोघांनी मिळून मशीन चालू केलं.

नोंदीत एक नवं पान होतं. त्यावर तारीख होती दोन हजार पाचच्या ऑक्टोबरातली, तिच्या शेवटच्या दिवसाची. अशी तारीख कुठल्याच वहीत नव्हती. त्या दिवशी कुणीच काही लिहिलं नव्हतं. पानाखाली एकेक शब्द वेगवेगळा साठवलेला, एका शब्दाला एक नोंद, एकूण पस्तीस. पहिली दोन तेराची, शेवटची दोन बावन्नची. सगळीकडे तोच पत्ता.

'आज बुधवार आहे. हाताला नळी आहे म्हणून लिहता येत नाही मतलब मनातच लिहते. आईला घरी पाठवलं. बाबा रक्त आणायला गेले. नर्सला वाटलं मी झोपली पण मी फक्त डोळे बंद केले. बाबा आले की मला त्यांना'

पुढे काही नव्हतं.

त्या बुधवारी वसंतराव प्लेटलेट घेऊन दुसऱ्या हॉस्पिटलमधून परत आले, तेव्हा वल्लरी जाऊन वीस मिनिटं झाली होती. झोपेतच गेली, असं नर्सनं सांगितलं. त्यांनी तेच सगळ्यांना सांगितलं. विभाताईंना, वरुणला, सांगलीला, नागपूरला. तेवढ्या एका वाक्यावर या घराचे दीड वर्षाचे दिवस निघाले होते.

विभाताईंनी ओळी बोट लावून वाचल्या. शेवटच्या शब्दावर बोट ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "उठू नका म्हटलं होतं."

वसंतरावांनी जेवणाच्या वेळेपर्यंत त्या पानासमोर बसून काढलं. पुढचा शब्द काय असेल, ते त्यांनी शंभर तऱ्हांनी जुळवून पाहिलं. काही जुळवण्यांत ती त्यांच्यावर रागावलेली होती. काहींत नव्हती. त्यातली कुठलीही खरी असू शकत होती.

७

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या खोलीतलं मशीन बंद करून गुंडाळून ठेवलं. वरुणला सांगितलं, साइट बंद आहे. मग तिन्ही वह्या पुढ्यात घेऊन, आपण केलेली उरलीसुरली एकेक दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या हातानं काढली आणि राहिलेली पानं जशीच्या तशी टाइप केली. त्यात जुलै संपला. शेवटच्या दिवसाचं ते पान मात्र त्यांनी तसंच ठेवलं.

आणि रोज दुपारी अडीचला ते बोळात, त्या दाराबाहेर बसायला लागले. कूलर बंद ठेवून, घामाघूम होऊन. कुलूप नव्हतं, दार मात्र लावलेलं. विभाताईंनी आपली सतरंजी तिथेच आणून टाकली.

वसंतरावांना काही ऐकू आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, महिन्याभरात नाही. नोंदीतही नवं काही चढलं नाही. पण विभाताई मध्येच मान कलती करायच्या आणि त्यांचा चेहरा निवायचा.

"काय?" ते विचारायचे.

"काही नाही. लिहितेय."

त्यांना वाटायचं, दुःखानं हिचं मन घसरतंय. वरुण आला की त्याच्याशी बोलू. डॉक्टरची गरज मला नाही, हिला आहे. हे मनाशी म्हणताना त्यांना थोडा आधारही वाटायचा, कारण तसं असेल, तर वल्लरीनं आपल्याला एकट्यालाच बाहेर ठेवलेलं नसतं.

वरुण ऑक्टोबरात आला. गाडी लवकर पोचली होती. स्टेशनवरून तो रिक्षानं थेट घरी आला, तेव्हा दुपारचे पावणेतीन झाले होते. पुढचं दार उघडंच होतं. आईवडील बोळात एका बंद दारासमोर जमिनीवर बसलेले पाहून तो उंबऱ्यातच थबकला. विभाताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

त्यानं बॅग हळूच खाली ठेवली. बूट काढले. दोन पावलं आत आला आणि उभा राहिला. त्याला यातलं कुणी काही सांगितलेलं नव्हतं. साइट बंद केली, एवढंच त्याला माहीत होतं.

"बाबा," तो कुजबुजला, "आत कोण बसलंय?"

वसंतरावांनी वर पाहिलं. "का?"

"कुणीतरी टाइप करतंय. एकदम स्लो. मतलब... एकेक अक्षर शोधून."

वसंतराव गुडघ्यांवर सरकले. त्यांनी दाराच्या लाकडाला कान लावला, तळहात लावला. पुढच्या खोलीतला पंखा फिरत होता. रस्त्यावर भाजीवाल्याची हाक आली आणि लांब गेली. त्यांच्या स्वतःच्या कानात रक्त वाजत होतं.

"थांबलं," वरुण म्हणाला.

"नाही रे," विभाताई हलकेच म्हणाल्या. "विचार करतेय."

वसंतराव दाराला टेकून तसेच राहिले, डोळे त्या दोघांवर ठेवून. आई आणि मुलगा शेजारी शेजारी, श्वास धरून. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकाच क्षणी दोघांच्या माना किंचित कलल्या, आणि विभाताईंनी न बघता वरुणचा हात धरला.

पंखा फिरत होता.